परभणीच्या गॅलरीतले लाल ठिपके

परभणीच्या मॉडर्न आर्ट गॅलरीत मी क्लार्क. भिंतीवर चित्रं चाळीस, पण किस्से एवढे साठलेत की ते टांगायचे म्हटलं तर भिंती उसन्या आणाव्या लागतील!

*

गॅलरी उघडली कापसाच्या जुन्या गोदामात. पहिल्याच उन्हाळ्यात तुफान गर्दी! आमच्या प्रमुख मॅडम हरखून गेल्या. मग त्यांनी अभिप्रायाची वही उघडली. पालमच्या बसची वाट बघत बसलेल्या एका गुरुजींनी लिहिलं होतं, "कूलर उत्तम. चित्रंही आहेत."

*

एका चित्रकारानं नुसतं काळंभोर चित्र लावलं. नाव 'अनंत'. झरीचे एक आजोबा पंधरा मिनिटं त्याच्यापुढून हलेनात. चित्रकार मागं श्वास रोखून उभा.

"जमीन लय भारी हाय," आजोबा म्हणाले, "पण वखर कुठं फिरवलाय?"

चित्रकारानं चित्र घरी नेलं. परत आलं तेव्हा त्यात वखराचे सरळ तास काढलेले होते!

*

मॅडम पुण्यात शिकलेल्या. "मोठ्या गॅलऱ्यांत चित्र विकलं गेलं की त्याला लाल ठिपका लावतात," म्हणत हौसेनं ठिपक्यांचं पाकीट आणलं. ते फोडायची वेळच आली नाही. आतला गोंद वाळून गेला!

*

आमचे वॉचमन मारोतीमामा, पिढीजात मेंढपाळ. रोज संध्याकाळी चित्रं मोजून मगच कुलूप लावणार.

"मामा, चित्रं कुठं पळून जायलेत का?"

"मेंढरंबी पळताना सांगून जात न्हाईत!"

*

आणि मग वरून पत्र आलं. गॅलरी चालत नाही. साहेब बघून ठरवतील, ठेवायची की पुन्हा गोदाम करायचं. 

साहेब येणार म्हणून भिंतींना रंग दिला. तोवर चित्रं शेजारच्या शाळेत ठेवली. तिथं पोरांच्या चित्रांत आपली मिसळू नयेत म्हणून मामांनी कळपाला करतात तेच केलं. प्रत्येक चौकटीवर बोटानं गेरूचा ठिपका! चित्रं परत टांगली आणि दारात साहेबांची गाडी. पुसायला वेळच नाही.

साहेब मुंबईचे. एक चित्र बघितलं, दुसरं बघितलं, चष्मा पुसून तिसरं बघितलं.

"सगळ्यांना लाल ठिपके?"

मॅडमनी तोंड उघडलं. मी मध्येच चहाचा कप घुसवला.

मामा छाती काढून पुढं झाले, "सगळ्यायला हायत सायब! येकबी सुटलं न्हाई!"

साहेबांनी गोदामाची फाईल बॅगेत घातली. मॅडमजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"माझ्यासाठी एखादं... बघा ना काही जमलं तर!"