व्याह्यांनी आणलेली बाटली

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. मेलेल्या माणसांच्या अडाणीपणावर तो फार मनमोकळं हसतो. मीही हसले, आणि सगळी नोकरी पोरांनाही हसवत आले.

राणी व्हिक्टोरियाचा काळ आला की मी पुस्तक मिटायची आणि बाटल्यांची गोष्ट सांगायची. त्या वेळी विलायतेत कुणीही उठावं, बाटलीत काहीतरी भरावं आणि सगळ्या रोगांवरचं औषध म्हणून विकावं, असा कारभार होता. बाटलीवरच्या कागदावर खोकला, क्षय, मूळव्याध, निद्रानाश, बायकांचे आजार, मनाची उदासी आणि टक्कल, सगळं एका रांगेत. टक्कल म्हटलं की वर्ग मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बघून खुसखुसायचा. आत बहुतेक दारू नाहीतर अफू, आणि वर गोड पाक. रडणाऱ्या तान्ह्या बाळांसाठीही एक सरबत मिळायचं, आणि ते पाजलेली काही बाळं उठलीच नाहीत. मग एखादी मुलगी हमखास म्हणायची, “काय येडी माणसं होती बाई!”

निवृत्त झाले आणि तशीच बाटली राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. मी चष्मा लावून तिच्यावरचा कागद वाचला. यादी जवळपास तीच होती. थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल तेवढं नवीन.

बाटली आणली होती आमच्या व्याह्यांनी, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांनी. ते आजऱ्याचे. आधी काजूचा छोटा कारखाना होता. तो बंद पडल्यावर कुणीतरी त्यांना एका मंगल कार्यालयातल्या मीटिंगला नेलं, आणि तिथून ते या बाटलीतल्या फळांच्या रसाचे होऊन परतले. शर्टाला कंपनीचा बिल्ला लावायचे. गुडघे दुखणाऱ्या, शुगर असणाऱ्या, पोर न होणाऱ्या, सगळ्यांना एकच रस द्यायचे. त्यांना लबाड म्हणायची सोय असती तर मला किती बरं झालं असतं. पण ते स्वतः सकाळ-संध्याकाळ तोच रस प्यायचे, बायकोला पाजायचे, आणि आमच्याकडे विकायला म्हणून नव्हे, जीव लावून आणायचे.

माझ्या नवऱ्याची मूत्रपिंडं शुगरनं खराब होत चालली होती. डॉक्टर शहाणा माणूस होता, आणि शहाण्या माणसासारखंच बोलायचा. “काका, झालेलं नुकसान भरून येणार नाही. पण पथ्य पाळलंत, गोळ्या चुकवल्या नाहीत, तर आहे ते बरीच वर्षं टिकवता येईल.” ही बरीच वर्षं मला हवी होती. एवढंच हवं होतं. मी बटाटे चिरून पाण्यात भिजत घालायची, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी ओतून द्यायची, केळी-मोसंबी घरात येऊ द्यायची नाही, मीठ मोजून-मापून घालायची. नवरा पानावर बसून आजारी माणसापेक्षा रुसलेल्या पोरासारखा जास्त दिसायचा.

आणि समोर हे व्याही. “टिकवायचं कशाला पावणं? नवी करायची की! दोन म्हयनं घ्या. किडनी काय, सगळं शरीर आतनं धुऊन निगतंय. आमच्या गल्लीतला एकजण डायलिसिसवर हुता, आता उसाला पाणी पाजतोय.”

तो एकजण आम्हाला कधी भेटला नाही. पण ‘टिकवू’ आणि ‘नवी करू’ या दोन शब्दांत घाबरलेला माणूस कुठला उचलणार? मला नवऱ्याचा राग यायचा आणि त्याच क्षणी त्याची दयाही यायची. रस प्यायल्यावर त्याच्या तोंडावर जी टवटवी यायची, ती माझ्या बिनमिठाच्या आमटीनं कधी आली नाही.

मी विरोध केला नाही असं नाही. घरात रोज वाद. “अहो, यात फळांचा अर्क आहे. डॉक्टरांनी फळं बंद केलीत ना?” यावर नवऱ्याचं उत्तर ठरलेलं. “आपण पोरगी दिलीया त्यांच्या घरात. व्याही हातानं देतोय, तर नको म्हणू? काय म्हणतील?” आमच्याकडं हे असंच. जावई रुसला तर चालतो, समजूत काढता येते. व्याह्याचा शब्द खाली पडता कामा नये. विहिणीला साडी आवडली नाही म्हणून वर्षभर बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. तिथं औषध नाकारायचं म्हणजे सरळ अपमानच.

पुढच्या तपासणीला रक्तातलं पोटॅशियम फार वर गेलेलं निघालं. त्या दिवशी व्याहीच आपल्या गाडीतून आम्हाला घेऊन गेले होते, आणि आपल्या पद्धतीप्रमाणे डॉक्टरांच्या खोलीतही आले, खुर्ची ओढून बसले. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. “हे इतकं वाढायचं कारण कळत नाही. हृदय बंद पडेल अशानं. काका, काढा, झाडपाला, कसला रस, काही घेता का?”

नवरा म्हणाला, “छे छे. कायबी न्हाय.”

व्याही छताच्या पंख्याकडे बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस मरायला टेकलाय आणि दोन म्हातारे एकमेकांची इज्जत राखत बसलेत! मी म्हणाले, “घेतात डॉक्टर. रोज दोन वेळा. हे आमचे व्याही, हेच आणून देतात.”

डॉक्टर रागावला, आणि रागावला तो व्याह्यांवर. त्यानं आवाज चढवला नाही, पण बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकलं असणार. “तुम्ही यांना विष देताय,” असा शब्द त्यानं वापरला. व्याह्यांनी आम्हाला दारात सोडलं. चहाला वर आले नाहीत.

रस मात्र बंद झाला. पोटॅशियम उतरलं. नवऱ्याच्या पायांवरची सूज कमी झाली, बागेपर्यंत चालत जाऊन येऊ लागला. तेवढे ते दिवस मी सुखात होते, हे कबूल करते. मला वाटलं, जिंकलं आपण.

मग लेकीचा फोन आला. हुंदके देत होती. “आई, तू परक्या माणसासमोर मामंजींना असं का बोललीस? ते माझ्याशी बोलत न्हाईत. जेवायला वाढलं तर ताट सारतात. गौरी-गणपतीला माहेरी जायचं न्हाय म्हणून सांगितलंय.”

मी म्हणाले, “बाळ, तुझ्या पप्पांचा जीव वाचला त्यामुळं.” पलीकडून नुसतं रडणं. मी चुकले नव्हते.

गौरी लेकीविना येणार, हे नवऱ्याच्या मनाला लागलं. मग एका सकाळी त्यानं टॉवेल, टोपी, नारळ आणि पेढ्यांचा पुडा पिशवीत भरला. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाला, “तू बास आता. पुरे झालं तुझं खरं बोलणं.” आणि एसटीनं आजऱ्याला गेला.

तिथं काय झालं ते त्यानंच मला सांगितलं, अगदी आनंदानं. त्यानं व्याह्यांना चारचौघांत टॉवेल-टोपीचा आहेर केला, पाया पडला. व्याह्यांचे डोळे भरले. त्यांनी उठून मिठी मारली आणि म्हणाले, “पावणं, माज्या मनात कायबी न्हाय. पर तुमचा माज्यावर इस्वास हाय का न्हाय, तेवडं सांगा.” विश्वास दाखवायचा एकच रस्ता त्या घरात होता. पेला भरला गेला. नवऱ्यानं सगळ्यांसमोर तो रिकामा केला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा लेक सोबत होती. मी दार उघडलं. तिच्या दोन्ही हातांत बाटल्यांचं खोकं होतं.

त्या गौरीत आमचं घर भरल्यासारखं होतं. लेक हसत होती, घावन-घाटलं करत होती. सकाळ-संध्याकाळ बापाला पेला भरून ती स्वतः द्यायची. मी तिच्याशी भांडले, विनवण्या केल्या, डॉक्टरांशी फोनवर बोल म्हटलं. ती एवढंच म्हणायची, “आई, मला त्या घरात राहायचंय.” तिचा रसावर विश्वास होता की सासऱ्यांचा धाक होता, मला आजही सांगता येत नाही. बाप तिच्या हातून पेला घ्यायचा, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि पिऊन टाकायचा. लेकीच्या हातातला पेला मी कसा हिसकावून घेणार होते?

ती सासरी गेली. खोक्यातल्या उरलेल्या बाटल्या मी मोरीत ओतल्या, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. एका सकाळी नवऱ्याला पलंगावरून उठता येईना. हातापायांत बळच नव्हतं. दवाखान्यात नेल्यावर डायलिसिस एकदा झालं. दुसऱ्याची वेळ आली नाही. हृदय थांबलं.

बाराव्याला व्याही सगळ्यांच्या आधी आले. मंडप, आचारी, भटजी, सगळं त्यांनी सख्ख्या भावासारखं बघितलं. पंगती उठल्यावर पाहुणे बसले होते, तेव्हा ते धाय मोकलून रडले. खोटं नव्हतं त्यात काही. उपरणं तोंडाला लावून म्हणाले, “गुण यायला लागलाच हुता वो. मधी खंड पडला. मधी सोडलं, तितंच घात झाला. न्हायतर पावणं आज हितं बसलं असतं.”

माणसं माझ्याकडे बघू लागली. खंड कुणी पाडला, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. कुणीतरी पुटपुटलं, “शिकल्याली माणसं.” मी बोलायला तोंड उघडणार, तर लेक उठून माझ्याजवळ आली आणि शेजारी बसली. बाप गेल्यापासून तिनं अन्न धड घेतलं नव्हतं. दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ती हळूच म्हणाली, “आई, खंड पडला म्हणूनच ना गं? पप्पा त्यामुळंच गेले ना?”

खरं उत्तर मला पाठ होतं. कागद कपाटात होते, डॉक्टरांचे शब्द कानात होते. आणि ते उत्तर दिलं असतं, तर सकाळ-संध्याकाळ पेला भरणारे हे हात तिनं जन्मभर कुठं ठेवले असते?

“हो बाळ,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझ्यामुळं खंड पडला.”