काकांचं रिव्हॉल्व्हर आणि आमचे सल्ले

गोळ्या झाडायला वीस मिनिटं लागतात आणि त्यावर बोलायला अख्खी सकाळ. त्यामुळे आमच्याकडे रिकाम्या काडतुसांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. काडतुसं निदान रेंजवाले झाडून नेतात.

आम्ही म्हणजे अमेरिकेतल्या चँडलर गावचे चार मराठी नेमबाज. मकरंद कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. शैलेश आयटीत आहे, पण त्याचा खरा व्यवसाय मतं देणं. वसंतकाका बहात्तर वर्षांचे, रिटायर्ड, आणि नेम धरताना गप्प बसणारे आमच्यातले एकमेव. चौथी मी. पहिलं वर्षभर मकरंद आणि शैलेश मला नेमबाजी शिकवत होते. माझं टार्गेट जवळून बघितल्यावर शिकवणं आपोआप थांबलं.

चौघांकडे एकाच कंपनीची रायफल आहे. लिव्हर ओढून गोळी भरायची, जुन्या धाटणीची, अक्रोडाचं लाकूड आणि चकचकीत पितळ. काकांनी घेतली म्हणून बाकीच्यांनी घेतली. आमच्यात फ्रीजही असेच घेतले जातात.

*

तर या कंपनीने आयुष्यभर रायफली केल्या आणि आता एकदम रिव्हॉल्व्हर काढलं. ही बातमी शैलेशने रेंजच्या पत्र्याच्या शेडखाली, दडपे पोह्यांचा डबा उघडता उघडता दिली.

"रायफलवाल्यांनी रायफली कराव्यात," तो म्हणाला. "उद्या टेलर म्हणेल, मी चपलाही शिवतो. घालणार का तुम्ही?"

हा माणूस ज्या कंपनीचा फोन वापरतो, तिचंच घड्याळ घालतो आणि तिचेच इअरबड्स कानात घालून माझं बोलणं न ऐकल्यासारखं करतो!

काका तेवढ्यात हळूच म्हणाले, "मी घेऊ का रे ते?"

काकांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. खांद्याला टेकवून काहीही झाडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन हातांत धरायचं हलकं काही चालेल म्हणाले होते. म्हणजे रिव्हॉल्व्हर नाही घेतलं तर काकांनी शनिवारी यायचं, पोहे खायचे आणि आमचा गोंगाट ऐकायचा. तेवढ्यासाठी कोणी किती दिवस येईल?

प्रश्न साधा होता. घ्या किंवा नका घेऊ. पण तो त्यांनी आम्हाला विचारला, ही चूक झाली.

*

मकरंदने एक्सेल शीट केलं. एकोणीस कॉलम. वजन, लांबी, ट्रिगरचा जडपणा, वॉरंटी, रीसेल व्हॅल्यू. काकांचा खांदा विसाव्या कॉलमात टाक म्हटलं, तर म्हणाला, "तो सब्जेक्टिव्ह डेटा आहे."

तीन आठवडे आम्ही त्या शीटची वाट पाहिली. शेवटी सगळे आकडे मिळून उत्तर आलं, "अजून थोडं थांबा." मकरंदला फार समाधान वाटलं. मिनीव्हॅनच्या वेळीही त्याने असंच शीट केलं होतं. ते पूर्ण झालं त्या महिन्यात कंपनीने ते मॉडेल बंद केलं.

*

शैलेशचा एक नियम आहे. पहिल्या बॅचचं काही घ्यायचं नाही.

"त्यांचं पहिलंच रिव्हॉल्व्हर आहे काका. सगळे प्रॉब्लेम पहिल्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात पडतात. दोन-तीन वर्षं जाऊ द्या, दुसरी आवृत्ती येईल."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "माझीही पहिलीच बॅच आहे रे," ते म्हणाले. "दुसरी निघायची नाही."

 

*

काकूंचा विरोध वेगळाच होता. बंदुकीची त्यांना भीती वगैरे काही नाही. "पाटावर जागा कुठाय?" एवढंच त्यांचं म्हणणं.

खंडेनवमीला त्या रायफल रिकामी करवून घेऊन पाटावर ठेवतात आणि हळदकुंकू वाहून पूजा करतात. शेजारी काकांची ड्रिल मशीन, स्क्रू ड्रायव्हर, भाजीची सुरी आणि लॅपटॉप. पाट खरंच भरलेला असतो.

एका वर्षी पूजेनंतरच्या शनिवारी काकांच्या रायफलीवर कुंकू तसंच राहिलं आणि लिव्हरच्या खाचेत झेंडूची पाकळी अडकली होती. रेंजच्या सेफ्टी ऑफिसरने विचारलं, हे काय? मकरंदने त्याला पांडवांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. मागे लोक खोळंबले होते.

त्या बिचाऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि तो म्हणाला, "म्हणजे सर्व्हिसिंग झालंय तर."

*

शेवटी घ्यायचं असं एकदाचं ठरलं आणि आम्ही दुकानात गेलो. चौघेही. एक माणूस वस्तू घेणार असेल तर बाकीच्यांनी घरी बसायचं असतं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

काउंटरवर ते रिव्हॉल्व्हर आलं. काकांनी दोन्ही हातांत धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आम्ही लगेच कामाला लागलो. शैलेशने पितळ खरं आहे का ते नखाने खरवडून पाहिलं. मी लांब नळीचं घ्या म्हणून सांगितलं. हो, मीही काही कमी नव्हते. काका फॉर्म भरायला बसले आणि तेवढ्यात मकरंदने आपलं कार्ड काउंटरवर ठेवलं.

"माझ्या कार्डावर घ्या काका. पॉइंट्स मिळतात. मला नंतर ट्रान्सफर करा."

त्या फॉर्मवर पहिल्यांदा हेच विचारतात, की तुम्ही हे स्वतःसाठीच घेताय ना. दुसऱ्याच्या नावाने बंदूक घेणं इथे मोठा गुन्हा आहे. विक्रेत्याने चौघांकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि काकांच्या हाताखालचा फॉर्म अलगद काढून घेतला. रिव्हॉल्व्हर परत कपाटात गेलं.

"आज नाही," तो म्हणाला. "विकत नेमकं कोण घेतंय, ते मला कळत नाहीये."

मकरंद पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत पॉइंट्सचं समजावत होता. काका घरापाशी उतरताना म्हणाले, "असू दे रे. तसंही आता ऊन वाढलंय."

पुढचे दोन शनिवार ते आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. आम्ही इतके सल्ले दिले होते, की त्यांना त्यांचंच काही घेता येईना.

*

तिसऱ्या शुक्रवारी काकांचा मला फोन आला. "मला दुकानात सोडशील का गं? खांद्यामुळे ड्रायव्हिंग जमत नाही. पण एक अट आहे. तू बोलायचं नाहीस."

मी दूर, बुटांच्या रॅकपाशी उभी राहिले. काउंटरवर तोच विक्रेता होता. त्याने काकांना ओळखलं आणि माझ्याकडेही एकदा पाहून घेतलं.

"आज एकटेच?"

"एकटाच."

"सर, एक विचारू? घराच्या सुरक्षेसाठी हवंय?"

"नाही."

"शिकारीसाठी?"

"नाही."

"कलेक्शन करता?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी खिशातून आपलं कार्ड काढून काउंटरवर सरळ ठेवलं.

"मग कशासाठी हवंय?"

इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कोणीच त्यांना हे विचारलं नव्हतं.

"फॉर सॅटरडेज," ते म्हणाले.

त्या माणसाने कपाटाची किल्ली काढली.