दिलेला राडारोडा

बुधवार, १५ जानेवारी २०२५. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातातील नळीचे पाणी थांबले.

मी परसातील नव्या खोलीच्या भिंतींना पाणी मारत होतो. गिलावा चार दिवसांचा होता. त्या दिवशी किंक्रांत असल्याने गवंडी आणि त्याची माणसे आली नव्हती. किंक्रांतीला हत्यार हाती धरायचे नाही, असा त्यांचा नेम. गिलाव्याला किंक्रांत कळत नाही, त्याला रोज पाणी लागते. म्हणून नळी मी धरली. पाणी थांबले आणि त्याच क्षणी बाहेर मोठा आवाज झाला. उघडे दार आपोआप मिटले. फटीतून धूळ आत आली. मी दार ढकलले. ते हलले नाही.

बोळातील ढीग सरकला होता आणि नळी त्याखाली दबली होती.

आमचे घर सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याच्या अलीकडे आहे. जागा अरुंद व लांब. पुढे घर, मागे परस, आणि परसात जाण्यासाठी घराच्या कडेने सहा फुटी बोळ. दुसरी वाट नाही. दोन वर्षांपूर्वी पत्नीचे उजवे अंग गेले. मधुमेह त्याआधीपासूनचा. तिची धाकटी बहीण आणि साडू साताऱ्याहून येऊन महिना महिना राहू लागले. मेव्हणी स्वयंपाकघरात अंथरूण टाकी; साडू बैठकीतील बाकावर पाय दुमडून झोपत. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला ते योग्य वाटले नाही. परसातील जुने न्हाणीघर आणि लाकडाची खोली पाडून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या, असे मी ठरवले.

पाडकाम आठ दिवसांत झाले. अखंड विटा वेगळ्या रचल्या. त्या नव्या बांधकामात वापरल्या. लोखंड एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला. जुनी कौले मोजून थप्प्या लावल्या. एवढे करून जे उरले ते कोणत्याच कामाचे नव्हते : फुटक्या विटा, चुन्याची ढेकळे, शहाबादी फरशीचे तुकडे, माती. हा राडारोडा बोळात टाकला. परसात पाया खणायचा होता, तेथे जागा नव्हती.

गवंडी म्हणाला, "साहेब, वड्यात टाकून मोकळं हुऊ. समदी तितंच टाकत्यात."

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षे काढली. लोकांनी ओढ्यांत व कालव्यांत ओतलेला राडारोडा उपसण्यात त्यांतील बराच काळ गेला. मी नाही म्हणालो.

दसऱ्याला नदीकाठच्या गावातील एक शेतकरी आपट्याची पाने द्यायला आला. खात्यात असल्यापासून त्याची ओळख. त्याच्या उसाकडे जाणारी पाणंद काळ्या मातीची आहे. पावसाळ्यात तीत गुडघाभर चिखल होतो. बोळातील ढीग पाहून तो म्हणाला, "साहेब, ह्यो राडा दुसऱ्या कुनाला दिऊ नगासा. माझ्या पानंदीत घालतो."

"दिला," मी म्हणालो.

चूक तेथे झाली. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात, आणि जिल्ह्यातील प्रत्येक ट्रॅक्टर उसाला जुंपला जातो. हे मला ठाऊक होते. त्याचाही ट्रॅक्टर गेला. फोन केला की तो म्हणे, "पट्टा पडूं द्या साहेब, पैली खेप तुमच्याकडं." पट्टा पडणे म्हणजे गाळप संपणे. ते मार्चात. मधल्या काळात तिघांनी राडारोडा मागितला. मी तिघांनाही नकार दिला. दिलेली वस्तू पुन्हा दुसऱ्याला देता येत नाही.

बांधकामाबरोबर ढीग वाढत गेला. गिलाव्याचा सडा, फुटलेल्या फरश्या, खरवडलेला माल, सगळे त्यावर पडत गेले. तो खांद्याच्या उंचीला आला. त्याला उभ्या फळ्यांचा आधार दिला आणि जेमतेम दीड फुटाची वाट राखली. तीतून मी आडवा होऊन जात असे. पत्नीची व्हीलचेअर जाणे शक्य नव्हते. पूर्वी ती रोज दुपारी परसातल्या लिंबाखाली उन्हात बसे. दिवाळीपासून ती घराच्या मागच्या बाजूला गेली नव्हती.

एकदा ती म्हणाली, "अहो, तुमचा शब्द बोळात पडलाय. त्याला कधी उचलणार?"

मी शेतकऱ्याला पुन्हा फोन केला.

सोमवारी दुसऱ्या खोलीच्या पोटमाळ्याच्या सेंट्रिंगला फळ्या कमी पडल्या. बोळातल्या काढून घ्या, असे मीच गवंड्याला सांगितले. सैल राडा आधाराशिवाय उभा राहत नाही, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पहिल्या खोलीचे दार बोळाच्या परसाकडील तोंडाशी आहे आणि ते बाहेर उघडते. आत जागा वाचावी म्हणून तसे मीच ठेवले. खिडकीला गज आहेत. तेही मीच घाईने बसवून घेतले.

दार अडकले याची मला चिंता नव्हती. पत्नीला मी अकरा वाजता इन्सुलिनचे इंजेक्शन दिले होते. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत तिने जेवले पाहिजे. जेवली नाही तर रक्तातील साखर उतरते, घाम सुटतो, माणूस बरळू लागतो आणि मग शुद्ध जाते. ती पलंगावर होती. आधाराशिवाय तिला उठता येत नाही. पोळ्या करणारी बाई दहालाच गेली होती. ताट मी वाढणार होतो. मधली दहा मिनिटे रिकामी होती, म्हणून भिंती भिजवायला आलो. फोन पुढे घरात टेबलावर होता.

मी दाराला खांदा लावला. वय शहात्तर. दार बोटभरही सरकले नाही. गज ओढून पाहिले. काम चोख झाले होते. हाका मारल्या. मागे बंद गोदाम आहे. शेजारचे कुटुंब संक्रांतीला गावी गेले होते.

अकरा वीसला घंटा वाजली.

देव्हाऱ्यातील ती लहान घंटा पत्नीच्या डाव्या हाताशी ठेवलेली असते. काही हवे असले की ती वाजवते. दोनदा वाजली, म्हणजे भूक लागली. मी ओरडलो, "आलो!" आवाज तिच्यापर्यंत पोहोचला असावा, कारण घंटा थांबली. मी खोटे बोललो होतो.

गवंड्याची थापी घेऊन दाराच्या बिजागऱ्या उचकटण्याचा प्रयत्न केला. थापीचे पाते वाकले. साडेअकराला घंटा पुन्हा वाजली; या वेळी पुष्कळ वेळ, आणि तिला ताल नव्हता. मग काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज आला. त्यानंतर घंटा वाजली नाही.

मी खोलीच्या मध्यभागी उभा राहिलो. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. हे माप मीच काढले होते.

पावणेबाराच्या सुमारास फाटकाशी हाक आली. "मालक! आवं मालक! हाईसा का घरात?"

आवाज ओळखीचा होता. हा गाढववाला, मूळचा जतकडचा. बांधकामांवर विटा-माती वाहतो. ज्या तिघांना मी परत पाठवले त्यांतला हा शेवटचा. आठ दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "ह्या बोळात टॅक्टर शिरत न्हाई, मालक. गाडवं शिरत्यात. एका दिसात मोकळं करतो. आमच्या वस्तीत नळापाशी लय चिखुल हुतो, तितं घालीन." राडा दिलेला आहे, असे मी सांगितले. "दिल्याला हाय तर हितं कसा?" त्याने विचारले. मी फाटक लावून घेतले होते. किंक्रांतीमुळे बांधकामे बंद, त्याची गाढवे रिकामी, म्हणून तो पुन्हा विचारायला आला होता.

"मागे ये!" मी ओरडलो. "बोळातून ये!"

तो ढिगावर चढून खिडकीशी आला. गजांतून माझ्याकडे पाहिले.

"आगं आयायायाय! आत कशापायी बसलासा?"

"ढीग सरकला. दार अडकले."

"मग बलवा की त्येला, ज्येला दिलाय त्येला." असे म्हणतच तो खाली उतरला आणि दारावरचे दगड बाजूला टाकू लागला.

"दार राहू दे," मी म्हणालो. "आधी घरात जा. पत्नी पलंगावर आहे. तिला हाक मार. बोलली तर गुळाचा खडा जिभेवर ठेव. बोलली नाही तर तोंडात काही घालू नकोस. रस्त्यावर ओरड, कोपऱ्यावर दवाखाना आहे, डॉक्टरांना आण. गूळ स्वयंपाकघराच्या फडताळात आहे."

फडताळाला कुलूप होते. पोळ्यावाली बाई पत्नीला चोरून गोड देते, असा माझा संशय होता. आदल्या दिवशी संक्रांतीला पत्नीने तिळगुळाचा लाडू मागितला. मी अर्धा दिला आणि कुलूप लावले. किल्ली माझ्या कमरेला होती. कपाटाची, पेटीची, सगळ्या किल्ल्यांचा एकच जुडगा. मी तो सोडला आणि गजांतून बाहेर धरला.

त्याने तो लगेच घेतला नाही. "बाईमानूस एकटं, मी परका. वरडल्या म्हंजे?"

"ओरडली तर उत्तम. म्हणजे शुद्धीवर आहे. जा."

तो गेला. मी घड्याळाकडे पाहत होतो. सहा मिनिटे लागली.

"डोळं उघडलं," तो खिडकीतून म्हणाला. "घाम लय सुटलाय. तोंड वाकडं करून इचारत्यात, तू कोन रं?"

"मग?"

"गाडववाला म्हनलं. तर हासल्या."

"गूळ?"

"चघळत्यात. आनखी एक खडा दे म्हंत्यात. तुमाला इचारून या, असंबी म्हनल्या."

"दे. विचारू नकोस."

त्याने मला बाहेर काढले तेव्हा साडेबारा वाजले होते. घंटा पलंगाखाली होती. मी तिची साखर तपासली. उतरलेली, पण चढू लागली होती. ताट वाढले. घास भरवताना ती माझ्या हातांकडे पाहत होती. ते सोलले होते.

"किल्ल्या त्याला तुम्ही दिल्यात?" तिने विचारले.

"हो."

"सगळा जुडगा?"

"जेव आधी."

गाढववाला पायरीवर बसला होता. त्यालाही ताट दिले. जेवण झाल्यावर मी म्हणालो, "राडा घेऊन जा. सगळा."

"दिल्याला हुता न्हवं?"

"आता तुला दिला. किंक्रांत पाळतोस का?"

"म्या पाळतो," तो म्हणाला. "गाडवास्नी पंचांग वाचाय येत न्हाई."

आठ गाढवे होती. पाठीवर गोण्या लादून ती बोळातून ये-जा करू लागली. ती कामात असताना मी शेतकऱ्याला फोन केला. राडा दुसऱ्याला दिला, शब्द मोडला, असे सांगितले. कारण सांगितले.  मागे ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येत होता.

"औंदाबी ट्रॉली रुतणार म्हना," तो म्हणाला. मग म्हणाला, "असूं द्या साहेब. वैनी बऱ्या हायत न्हवं?"

मी होय म्हणालो. त्याला याहून अधिक काही देणे लागत होतो, पण देण्यासारखे माझ्याजवळ उरले नव्हते.

पाच वाजता बोळ झाडून झाला. पत्नीला व्हीलचेअरवर बसवून लिंबाखाली नेले. परसातले ऊन सरले होते, तरी ती अर्धा तास बसली. मी नव्या खोलीच्या दाराला मोठी वीट लावून ते उघडे ठेवले. गवंडी आला की ते आत उघडणारे करून घ्यायचे आहे.

तिला आत आणल्यावर फडताळाचे कुलूप काढले. गुळाचा डबा घेऊन तिच्या उशाशी, डाव्या हाताला, घंटेशेजारी ठेवला. झाकण घट्ट होते. ते तिला एका हाताने उघडता यावे म्हणून सैल केले.