नऊ परसांची विहीर

राधाकृष्ण सरांची पीएचडी चालू आहे ही बातमी गावात इतकी जुनी झाली होती, की लोक तिची चौकशी पावसापाण्यासारखी करत.

"काय सर, औंदा तरी हुईल का?"

"ढग तर आलेत," सर म्हणत आणि मोटारसायकलला किक मारत.

सर नगरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. गाव नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या अंगाला. डोक्यावरचे केस विषय मंजूर झाला तेव्हा काळे होते. विषय असा, की नदी आज वाहते तिथूनच ती कायम वाहत नव्हती. ती कूस बदलत आली आणि दर वेळी आपलं जुनं अंथरूण, म्हणजे वाळू, गोटे, चिकणमाती, तिथंच टाकून पुढं गेली. वरून शेतं झाली, ऊस झाला, शाळा झाली. खाली कुठं काय गाडलंय ते विहिरींच्या आणि बोअरच्या माहितीवरून कॉम्प्युटरला सांगायचं आणि मधल्या जागा त्यानं हिशेबानं भरून नदीचं मॉडेल उभं करायचं. त्यांच्या सौभाग्यवती अश्विनीताई हे सगळं एका दमात सांगतात, "हे जमिनीखालची नदी शोधतात. घरातल्या नळाचं प्लंबर बघतो."

या सगळ्याचं मूळ कानिफनाथबाबांच्या विहिरीत होतं. बाबा म्हणजे सरांचे आजोबा. एका उन्हाळ्यात विहीर आणखी खोल नेण्याचं काम निघालं, दगडमाती वर ओढायची यारी लागली, आणि बाबांनी नातवाला टोपल्यात बसवून आपल्याबरोबर खाली नेलं. वर पिवळी माती, मग रेती, मग निळसर चिकणमाती आणि अगदी तळाशी अंड्यासारखे गुळगुळीत गोटे. बाबांनी एक गोटा उपटून नातवाच्या हातात दिला.

"ही बघ नदी."

"बाबा, नदी तर तिकडं हाय."

"ती आत्ताची. ही तिची आज्जी."

तो गोटा अजून सरांच्या टेबलावर आहे, पेपर उडू नयेत म्हणून. विहीर मात्र नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा ती बुजवली आणि आज तिच्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. पण सरांच्या प्रबंधातली पहिली विहीर तीच. बाकीच्या विहिरींत त्यांनी टेप सोडून माप घेतलं. हिचं माप आईनं, छबूबाईंनी, सांगितलं. "नऊ परस! गावात सगळ्यांच्या सात-सात. नऊ परसाची इहीर म्हनून मी म्हायेरी मिरवायची."

परस म्हणजे एक उभा माणूस. सरांनी पुस्तकाप्रमाणे परसाला सहा फूट धरले, गुणाकार केला आणि आकडा कॉम्प्युटरला दिला.

तिथंच घोडं अडलं. पडद्यावर गाडलेली नदी नेवाशाकडं छान सपाट वाहत येई आणि सरांच्या शेतापाशी पोचली की एकदम खड्ड्यात उडी मारी. मग पलीकडून धापा टाकत वर चढे. पुण्याच्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"सर, नदी डोंगर चढतेय."

"आमच्याकडची आहे मॅडम, कष्टाळू."

"ती विहीर काढून टाका. बाकी मॉडेल उत्तम आहे. काढलीत तर पुढच्या महिन्यात सादर करू."

काढून टाका! सर त्या दिवशी एसटीनं परतताना सुप्यापर्यंत तेच घोळवत होते. डिलीटचं बटण दाबायला एक बोट पुरतं. पण ज्या विहिरीनं या नादाला लावलं, तीच प्रबंधात नसायची? एकदा रस्त्यानं बुजवली, आता आपण बुजवायची?

रविवारी ते गावी गेले. विहीर गेली तरी तिच्या शेजारची मोटारीची खोली उरली होती. बाबांनी स्वतः बांधलेली. आता तिच्यात छबूबाई गोवऱ्या ठेवत. सर विचारात आत शिरायला गेले आणि चौकटीवर कपाळ असं आपटलं, की खालची नदी वर दिसली.

"वाक जरा!" छबूबाई अंगणातून ओरडल्या. "जल्म गेला तरी वाकायचं कळंना. तुझा बाप बी असाच आपटायचा."

"एवढं बुटकं दार करतं का कुणी?"

"आमी लई सांगितलं मामंजींना. ते म्हनायचे, मला लागत न्हाई, मंग कुनाला लागंल?"

सर कपाळ धरून मटकन खाली बसले. बसल्या बसल्या त्यांना त्या उन्हाळ्यात विहीर खोल नेणारा यारीवाला बन्सी दिसायला लागला. ज्याची विहीर त्याचाच परस, ही गावची रीत. काम धरायच्या आधी बन्सी मालकाला उभं करायचा, टाचेपासून टाळूपर्यंत दोर लावायचा आणि गाठ मारायचा. बाबांना उभं केलं तेव्हा तो मिशीत हसला होता. मजुरी परसावर, मालक जितका ठेंगणा तितके परस जास्त! आणि बाबाही खूश. भावकीच्या सात परस, आपली नऊ. दोघंही फायद्यात आणि फसलं कोण, तर पुढच्या पिढीतला कॉम्प्युटर.

सरांनी चौकटीला टेप लावला. चार फूट दहा इंच. बाबा त्यातून फेटा काढून ताठ जात, इकडं तिकडं बोटभर. त्यांनी तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडून नऊ परसांचा नवा गुणाकार केला. नदी खड्ड्यातून निघाली आणि शेताखालून मुकाट सपाट वाहू लागली.

सर हसले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. विहीर प्रबंधात राहणार होती. पण गावातली सगळ्यात खोल विहीर म्हणून नाही, चारचौघींसारखी. बाबांचा उभ्या आयुष्यातला एकच मोठेपणा नातवानं टेप लावून पुसला होता.

मॅडमना त्यांनी चौकटीचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "मापाचा आधार म्हणून काय लिहिणार?"

"आजोबा."

"लिहा. चुकीची मर्यादाही लिहा."

"बोटभर, मॅडम."

आईला सांगणं त्याहून अवघड होतं. संध्याकाळी छबूबाई भाकरी थापत होत्या. सर पाटावर बसले, कपाळावरचं टेंगूळ चाचपलं आणि सगळं सांगून टाकलं: दोर, गाठ, बन्सीचं हसणं, फूट, इंच. छबूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"पन नऊ परस हुती का न्हाई?"

सरांनी क्षणभर विचार केला. बाबांच्या मापानं विहीर नऊच परस होती. त्यात शास्त्राला हरकत घ्यायला जागा नव्हती.

"हुती."

"मंग झालं. जेव आता."