रुग्णास उशिरा आणले

“ह्या वाडीवरच्या लोकांचं असंच असतं. आधी देवस्की, मग दवाखाना.”

फिजिशियन डॉक्टर असं म्हणाले आणि बशीतला बटाटेवडा त्यांनी उचलला. टेबलाभोवतीचे दोघं-तिघं हसले. फार नाही. जेवणाच्या सुट्टीआधी माणसं सहज हसतात तेवढंच.

मी भिंतीला टेकून उभी होते. हातात फाईल होती. आमच्या हॉस्पिटलात महिन्याभरात जी माणसं मेली, त्यांच्या फायली मी वाचायच्या आणि डॉक्टरांनी ऐकायच्या, असा नियम. मृत्यू पुनरावलोकन समिती म्हणतात तिला. टेबलाला दहा खुर्च्या, माणसं सात. पाच वर्षांत मला कोणी बस म्हणालं नव्हतं, आणि मीही कधी बसले नव्हते.

ज्या फायलीवरून ते हसले, ती माझ्या आईची होती.

त्यांना ते ठाऊक नव्हतं. फायलीवर नाव नसतं. कोणाची बदनामी होऊ नये, चर्चा मोकळी व्हावी म्हणून नाव झाकून नंबर घालायचा, अशी पद्धत. पद्धत चांगली आहे. पण पत्त्याचा रकाना तसाच राहतो, आणि त्यात गावाबरोबर वाडीही लिहिलेली असते. बौद्धवाडी एवढा शब्द वाचला की आमच्याकडे पुढचं कोणाला सांगावं लागत नाही. मी तो शब्द वाचला आणि डॉक्टरांना देवस्की आठवली.

आमच्या घरात आजोबांच्या काळापासून देव नाही. कौल नाही, गाऱ्हाणं नाही, उतारा नाही. आई अंगणवाडीत मदतनीस होती. पोटुशी बाई घरात कळा दाबून बसली की आई तिला हाताला धरून रिक्षात घालायची. “आधी डाक्टर, मगे तुझो देव,” असं सासवांच्या तोंडावर बोलायची. धामापूरच्या अलीकडच्या तीन वाड्यांत तिच्या तोंडाला लोक वचकून असत. त्या बाईची फाईल मी वाचत होते.

“पुढे वाच,” मोठे सर म्हणाले. मोठे सर म्हणजे वैद्यकीय अधीक्षक.

मी वाचलं. “विलंबाचे कारण, नातेवाईकांचे अज्ञान. रुग्णास उशिरा आणले.”

माझा आवाज हलला नाही. नातेवाईक म्हणजे मीच. आणि ती ओळ टाईप केली होती तीही मीच.

हे कसं झालं ते सांगते. किनाऱ्याकडच्या एका ट्रस्टचं हे हॉस्पिटल. नाव घेत नाही. मी तिथे रेकॉर्डची क्लार्क, दर वेळी नव्याने होणाऱ्या अकरा महिन्यांच्या करारावर. लागले तेव्हा मला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथल्या बाई फार छान बोलल्या. म्हणाल्या, मेलेल्या माणसाची फाईल ही पुढच्या माणसाला वाचवण्यासाठी असते. तीन गोष्टी विचारायच्या. घरी उशीर झाला का, रस्त्यात झाला का, आणि दवाखान्यात झाला का. मी वहीत लिहून घेतलं. शाळेत असल्यासारखं खाली रेघसुद्धा मारली.

कामावर आल्यावर आधीच्या क्लार्कने मला खरी रीत शिकवली. मागच्या महिन्याची फाईल उघडायची, नवीन नावाने सेव्ह करायची. नंबर, वय, पत्ता, तारीख बदलायची. बाकी मजकूर तोच. ‘रुग्णास उशिरा आणले’ ही ओळ त्यात आधीपासून बसलेली होती. ती कोणी लिहिली, कोणाला माहीत नाही. मी तिला कधी हात लावला नाही. तिसऱ्या प्रश्नापुढे ‘निरंक’ असायचं, तेही तसंच. पाच वर्षांत आमच्याकडे दवाखान्यामुळे कोणीच मेलं नाही. जो तो आपल्या घरच्यांमुळे मेला.

मी वाचत गेले, ते ऐकत गेले, चहा येत गेला. मला त्यात काही वाटत नव्हतं.

मग आईचा दिवस आला. सकाळी तिला दरदरून घाम फुटला, जबडा दुखायला लागला, छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटलं. बाबा आंब्याच्या कलमांत कामाला गेले होते. मी शेजारच्या रिक्षात तिला घातलं आणि थेट हॉस्पिटलात आणलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी केसपेपर निघाला. आई स्वतःच्या पायांनी चालत आत आली. कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर मी तिला बसवलं. आतल्या सिस्टरला म्हटलं, माझी आई आहे, बघ जरा.

तेवढ्यात वरून मोठ्या सरांचा फोन. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या दर्जाची तपासणी करायला माणसं यायची होती. त्यांना मृत्यूच्या फायली दाखवायच्या होत्या. प्रत्येक फायलीत ‘केलेली सुधारणा’ हा रकाना कोरा होता. तो भरून दे, म्हणाले, आत्ता. डॉक्टर मंडळी हॉलमध्ये बसली होती. तपासणीत काय विचारतील, काय उत्तर द्यायचं, ह्याची रंगीत तालीम चालू होती.

मी आईकडे बघितलं.

“जा गो. सायब रागावतलो,” ती म्हणाली. “मी बसतंय हयसर.”

मी गेले. दोन जिने चढून वर गेले आणि लिहायला बसले. काय लिहिलं तेही सांगते. ‘आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णास दहा मिनिटांत डॉक्टर पाहतात.’ ‘ईसीजी तात्काळ डॉक्टरांना दाखवला जातो.’ मेलेल्या माणसांच्या फायलींत मी हे भरत होते. एक वाक्य मला फार नेटकं जमलं, म्हणून मी ते तीन फायलींत घातलं. त्या वेळी खाली आईचा ईसीजी काढून झालेला होता आणि काउंटरवर पडून होता. बघणारा डॉक्टर हॉलमध्ये तालमीत होता.

दीड वाजता मी खाली आले. बाकावर आई नव्हती. ती आत स्ट्रेचरवर होती. थोड्या वेळाने फिजिशियन धावत आले. माझ्याकडे न बघताच त्यांनी ईसीजी बघितला आणि म्हणाले, गोव्याला हलवा. गाडी लावेपर्यंत आई गेली. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी रडले नाही. मयत ताब्यात घेताना ‘नातेवाईकाची सही’ लिहिलेल्या जागी सही केली. घरी बाबांनी एकदाच विचारलं, “तू थंयच होतंस मां गो?” मी हो म्हटलं. बाबांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि मी कामावर गेले. रजा कशाला घेतली होती, ते वर कोणी विचारलं नाही. टेबलावर आईचे कागद ठेवलेले होते. मी मागच्या महिन्याची फाईल उघडली, नवीन नावाने सेव्ह केली. नंबर बदलला. वय एकसष्ट. पत्ता घातला. ‘रुग्णास उशिरा आणले’ ही ओळ समोर होती. ती मी वाचली. खोडली नाही. प्रिंट काढली, मागे केसपेपर आणि ईसीजी जोडला, टाचणी मारली. तेव्हा मला काय वाटलं असं लोक विचारतात. काही वाटलं नाही. हात बधिर झाला की सुई टोचलेली कळत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं.

तर अशी ती फाईल मी बैठकीत वाचत होते.

“सुधारणा काय लिहायची?” मोठ्या सरांनी विचारलं.

“जनजागृती लिहा,” फिजिशियन म्हणाले. “ह्या वाडीवर एक शिबिर घ्या. वेळेत दवाखान्यात या, म्हणावं.”

माझ्या आईच्या वाडीवर. ज्या वाडीत तिने आयुष्यभर दुसरं काही सांगितलं नाही. तेव्हा मला काहीतरी वाटलं. किती दिवसांनी वाटलं. तो राग होता, हे कळायला मला वेळ लागला.

“उशिरा आणलं नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“ह्या बाईंना उशिरा आणलेलं नाही.”

मोठ्या सरांनी चष्मा काढला. “तुला वाचायला सांगितलंय. मत द्यायला नाही.”

“वाचतेच आहे,” मी म्हणाले.

आणि मागे जोडलेले कागद उलटून वाचायला लागले. केसपेपर, अकरा दहा. ईसीजी, अकरा चाळीस, ही वेळ मशीन स्वतः छापतं. सिस्टरची नोंद, हॉलमध्ये फोन केला, बारा पाच. पुन्हा फोन केला, साडेबारा. डॉक्टरांनी रुग्ण पाहिला, एक पस्तीस. मृत्यू, दोन वीस.

फिजिशियन लाल झाले. “तुझा काय संबंध ह्या पेशंटशी?”

“माझी आई.”

मग मी खुर्ची ओढली आणि बसले. कागद टेबलावर नीट मांडायचे होते म्हणून बसले. नंतर हॉस्पिटलभर झालं की मी मुद्दाम साहेब लोकांच्या खुर्चीत बसले. तसं तर तसं.

बैठक गुंडाळून मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. “अगं, आधी सांगायचंस ना आई आहे म्हणून. लगेच बघितलं असतं. तू काय परकी आहेस?”

त्यांनी आईची फाईल माझ्याकडे सरकवली.

“आपण असं करू. कर्मचाऱ्यांच्या नातेवाईकांना आधी तपासायचं, असा ठराव घेऊ. तुझ्या आईच्या फायलीत हीच सुधारणा घालू. ती विलंबाची ओळ तेवढी राहू दे. तू टाईप कर, खाली सही कर. रेकॉर्डची सही नसली तर फाईल बंद होत नाही, तुला माहीतच आहे.” मग थोडं थांबून म्हणाले, “मार्चमध्ये करार संपतोय ना तुझा?”

खोटं कशाला बोलू? क्षणभर मला तो ठराव बरा वाटला. घरी बाबा आहेत. उद्या त्यांना काही झालं तर दारातच डॉक्टर येईल. मी मान हलवणारही होते.

मग आईच्या बाकावरची माणसं डोळ्यांपुढे आली. तिच्या एका बाजूला पायाला फडकं बांधलेला एक म्हातारा ख्रिश्चन शेतकरी होता. दुसऱ्या बाजूला तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन मासळी विकणारी एक गाबीत बाई बसली होती. त्यांचं इथे कोणी कामाला नाही. त्यांनी कोणाची आई, कोणाचा बाप म्हणून सांगायचं? ते तिथे बसून राहणार, आणि मेले तर मी लिहिणार, उशिरा आणले. माझ्या आईच्या जिवावर मला त्यांच्या पुढचा नंबर देत होते. मला किळस आली. त्यांचीही आली, माझीही आली.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले आणि बाहेर आले.

जिन्यात मेट्रन सिस्टर भेटल्या. बैठकीत त्या माझ्या समोरच बसल्या होत्या. ती आई कोणाची, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

“सही करून टाक गो,” त्या म्हणाल्या. “आवस काय परत येवची नाय.”

“सिस्टर, फोन दोनदा केल्लो, ह्या खरा मां?”

“खरा ता.”

“मगे ता बैठकीत सांगा.”

त्यांनी माझा हात धरला, मग सोडला. “माका दोनच वर्सां रवली गो निवृत्तीक.”

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. मी तिथेच होते, पण वर होते. वर बसून काय लिहीत होते, तेही सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून बाहेर गेले. त्यांनी मला माफ केलं की नाही, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या फायली काढल्या. पाच वर्षांच्या. प्रत्येकीत ती ओळ. कोणाचा नवरा, कोणाची सून, कोणाचं दोन दिवसांचं बाळ. त्यातल्या काहींना खरंच उशीर झाला असेल. कोणाला झाला आणि कोणाला नाही, ते आता कागदावरून कळत नाही, कारण ते शोधणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. डॉक्टरांचा दोष डॉक्टरांकडे. हा माझा आहे. मी हुकमाची ताबेदार होते, असं म्हणून मला तो झटकता येत नाही.

आता मी मागची फाईल उघडत नाही. प्रत्येक मेलेल्या माणसासाठी कोरा कागद घेते. आधी वेळा लिहिते, मग कारणाचा रकाना. तिसरा प्रश्न मोठ्याने विचारते. दवाखान्यात उशीर झाला का? फिजिशियन खिडकीबाहेर बघतात. मोठे सर म्हणतात, पुढची फाईल.

बंद न झालेली फाईल पुढच्या बैठकीत पुन्हा वाचावी लागते, हा त्यांचाच नियम. म्हणून दर महिन्याला पहिली फाईल माझ्या आईची असते. मी खुर्चीत बसून ती वाचते. ‘डॉक्टर उशिरा आले’ हे त्यांच्यापैकी कोणी स्वतःच्या हाताने लिहीपर्यंत माझी सही होणार नाही.

मार्चमध्ये ते मला काढतील. काढू देत. एप्रिलच्या बैठकीला मयताची नातेवाईक म्हणून मी दारात उभी असेन. फाईल माझ्या हातात नसेल, आणि मला ती लागणारही नाही. वेळा मला तोंडपाठ आहेत.