लातव्हियाची फुकट सहल

मंडळी, आज पालमला आमच्या घरी एक साहेब आला. माझ्या दादा-वहिनीला लकी ड्रॉमधे लातव्हियाची सहल लागली म्हणे! युरोपातला छोटा देश. आमी कूपन कधी भरलं, देव जाणे.

त्यानं मोबाईलवर किल्ले दाखवले, समुद्र दाखवला. म्हणला, "सोबत गाईड असेल. फक्त जोडीनंच यायचं, लेकरं आजीकडं ठेवा. पासपोर्ट माझ्याकडंच राहतील."

दादा लय खुश. साहेबानं त्याचा हात हातात घेतला, तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपले आन् मान हलवली.

वहिनी दरसाल दादासंगं ऊसतोडीला जाते. ती माझ्या कानात म्हणली, "भावजी, आमचा मुकादमबी तोडीला नेण्याआधी असाच हात बघतोय."

तुमीच सांगा, किल्ले बघायला हाताला घट्टे कशाला लागतात?