डोंगराखाली अंथरलेली गादी

"अब्बा गेले, भाऊ," उस्मानभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात भाजी घेत होतो. पिशवी हातात तशीच राहिली... उस्मानभाईंना जाण्याआधी एक डोंगर बघायचा होता, तो राहिलाच, एवढंच मनात येत राहिलं.

चोपड्यात त्यांचं गादी-रजईचं दुकान. घराणं पिंजाऱ्यांचं. मुलीच्या लग्नाच्या गाद्या भरायला टाकायच्या म्हणून मी पहिल्यांदा गेलो आणि भिंतीवरचं जुनं तैलचित्र बघून कामाचं बोलायचंच विसरलो. काळवंडलेला सातपुडा, आणि त्या अंधारात, उघड्या रानात अंथरलेली एकच पांढरीशुभ्र गादी. आसपास माणूस नाही की झाड नाही. चित्र त्यांच्या आजोबांचं. ते कुणाकडे शिकले नव्हते, कापूस पिंजता पिंजता रंगाचा नाद लागलेला.

"कुणासाठी हो ही गादी?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक अजून उनं नही," उस्मानभाई हसले. म्हणजे ते यायचंच होतं अजून.

दर ईदला चित्राला जवसाचं तेल पुसायचं, ही घरातली जुनी रीत. चित्र टवटवीत राहावं म्हणून लावलेल्या त्या तेलानंच डोंगर काळा केला होता. गादीपाशी आलं की मात्र उस्मानभाईंचं फडकं थांबायचं. "गादीले तेल कसं लावू, भाऊ? कापूस वाया जाई ना!" रंगवलेल्या कापसाची ही काळजी! मी खो खो हसलो खरा, पण चित्राकडे पुन्हा पाहिलं आणि हसू आपोआप ओसरलं.

अलीकडे दमा वाढला तसे ते म्हणू लागले, "मराना आधी आजाना डोंगर पाहना शे माले." जुनी चित्रं साफ करणारे धुळ्याचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे, त्यांना घेऊन गेलो. त्यांनी औषधात भिजवलेल्या, दुकानातल्याच कापसाच्या बोळ्यानं वरचा एक कोपरा उजळला. संध्याकाळच्या केशरी आभाळातून कापूस खाली येत होता... उस्मानभाई चित्राला नाक लागेल इतके पुढे झाले. "इतला कापूस... तेलखाले?" बाकीचं पुढच्या खेपेला करायचं ठरलं. दम्यानं ती खेप येऊ दिली नाही. याची हळहळ मला आयुष्यभर राहील.

चाळिसावा झाल्यावर शबानानं त्या गृहस्थांना पुन्हा बोलावलं. काम संपलं. अख्खं आभाळ कापूस होऊन सातपुड्यावर उतरत होतं, उतारावरून घरंगळत त्या एका गादीकडे येत होतं. एवढं आभाळ एका पिंजाऱ्याला कुठून दिसलं असेल!

"आता गादी घेऊ?" गृहस्थांनी बोळा उचलला.

शबानानं हात आडवा धरला. "ती नको. तिले अब्बांनी कधी वलं फडकं लागू दिधं नही."

मग मी गादीकडे नीट पाहिलं. अंधारात इतकी वर्षं शुभ्र दिसणारी ती गादी, त्या उजळलेल्या आभाळाखाली जराशी पिवळट, मळकी दिसत होती. रोजच्या वापरातली गादी दिसते तशी. कुणी रात्रभर निजून नुकतंच उठून गेल्यासारखी.

गिऱ्हाईक येऊन गेलं होतं.